तुलना करायची तर मुलुंड चेकनाक्यावर उभं राहून

ठाणं बरं की नवी मुंबई, हा वाद ट्रान्स हार्बर लोकलच्या डब्यात ठाण्याला सुरू झाला तर वाशी आली तरी मिटत नाही. एक जण म्हणतो, तिकडचे रस्ते बघा, पाणी बघा. दुसरा म्हणतो, अहो, सिडको या सरकारी कंपनीनं कागदावर आखून मग बांधलेलं शहर ते, आमच्यासारखं आपोआप वाढलेलं नाही. पहिल्याकडे निष्कर्ष तयार असतो, दुसऱ्याकडे आक्षेप. दोघंही आपापल्या परीनं तौलनिक राज्यशास्त्रच करत असतात, फक्त पद्धतीशिवाय.

या विषयाची ओळख आपल्याकडे बहुधा 'तौलनिक पद्धती : अर्थ, गुण-दोष' या परीक्षेतल्या टिपेपुरती असते. टीप पाठ होते आणि मूळ मुद्दा निसटतो. तुलना करताना माणूस स्वतःला फसवतो. तो कुठे कुठे फसतो आणि ते टाळायचं कसं, याचं शास्त्र म्हणजे ही पद्धत. ॲरिस्टॉटलनं आणि त्याच्या शिष्यांनी 158 राज्यव्यवस्थांची माहिती जमवली होती असं मानतात. तेव्हापासून माहिती जमवण्याची हौस आहेच, पण जमवलेल्या माहितीतून कारण शोधायचं कसं हा प्रश्न अजूनही छळतो.

आधी प्रश्न नीट हवा. 'कुठलं शहर चांगलं' हा संशोधनाचा प्रश्नच नव्हे. त्याऐवजी असं विचारा: दोन्ही शहरं ठाणे जिल्ह्यात, दोन्हींवर राज्य सरकार एकच, दोन्ही महापालिका 1949 च्या एकाच कायद्याखाली चालतात, निवडणुकीला उभे राहणारे पक्षही तेच, मग पाणीपुरवठ्याची घडी वेगळी का? आता शोधायला काहीतरी सापडलं. सारखेपणा भरपूर, फरक एक.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं 1843 च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात ही युक्ती मांडली. दोन प्रकरणं सगळ्या बाबतीत सारखी असतील, एकात परिणाम दिसत असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर ज्या एका गोष्टीत ती वेगळी आहेत तिथे कारण दडलेलं असणार. (हे लिहिताना मिलसाहेबांचा पगार ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीतून येत होता.) ठाणे आणि नवी मुंबईला हे लावून बघू. नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं मोरबे धरण आहे. ठाण्याला पाणी स्टेम ही पाणी कंपनी, एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि स्वतःची योजना असं चार ठिकाणांहून येतं. सापडलं कारण!

नाही सापडलं. ठाण्यात नगरपालिका आली 1863 मध्ये आणि महापालिका 1982 मध्ये. नवी मुंबईत 1970 साली सिडको आली, तिनं जमिनी ताब्यात घेतल्या, नोड, म्हणजे आखीव उपनगरं, आखले आणि महापालिका अवतरली ती 1992 मध्ये. म्हणजे धरणाचा फरक आहेच, पण जमिनीच्या मालकीचा आहे, आखणीचा आहे, शहराच्या वयाचा आहे, झोपडपट्टी आणि जुन्या वस्तीच्या प्रमाणाचाही आहे. शहरं दोन आणि फरक डझनभर. यातला कुठलाही फरक उचलून 'हेच कारण' म्हटलं तर खोडून काढता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. राज्यशास्त्रज्ञ आरेंड लायपहार्ट यांनी 1971 च्या एका गाजलेल्या लेखात तुलनेचं हेच दुखणं सांगितलं: प्रकरणं थोडी, कारणं फार. खुद्द मिललाही हे ठाऊक होतं. आपली युक्ती समाजाच्या प्रश्नांना सरळसरळ लागू पडणार नाही, असं त्याच ग्रंथात त्यानं बजावून ठेवलंय. टिपेत तेवढं येत नाही.

आणखी एक गफलत इथेच उरकून टाकतो. पदनाम सारखं म्हणून पद सारखं नसतं. न्यूयॉर्कचा महापौर शहराचा कारभार प्रत्यक्ष हाकतो. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कारभाराची सूत्रं आयुक्तांकडे असतात आणि महापौर महासभेचं अध्यक्षस्थान सांभाळतात. दोन्ही रकान्यांत 'महापौर' लिहून तक्ता केला तर तक्ता सुबक दिसेल आणि निष्कर्ष फुकट जाईल. जोवानी सार्तोरी यांनी 1970 मध्ये याच प्रकाराविरुद्ध आवाज उठवला होता.

जिथे काही घडलं नाही, तिथेही जायचं

दरवर्षी स्पर्धा परीक्षांचे निकाल लागले की यशवंतांचे सत्कार होतात. प्रत्येक जण सांगतो: रोज दहा तास अभ्यास, मोबाईल बंद, आईवडिलांचा आशीर्वाद. ऐकणारे वहीत उतरवून घेतात. पण रोज दहा तास अभ्यास करून नापास झालेल्यांना कुणी मंचावर बोलावत नाही. त्यांना बोलावलं असतं तर कळलं असतं की दहा तासांनी नेमका किती फरक पडतो.

राज्यशास्त्रात ही चूक फार प्रतिष्ठित लोकांनी केली आहे. क्रांती का होते हे शोधायला फक्त क्रांती झालेले देश घ्यायचे, दंगल का होते हे शोधायला फक्त दंगलीची शहरं घ्यायची. बार्बरा गेडेस यांनी 1990 मध्ये दाखवून दिलं की निकाल बघून प्रकरणं निवडली तर उत्तर आधीच वाकडं होतं. हे समजायला सोपं आणि पाळायला महाकठीण, कारण जिथे काही घडलेलं नसतं तिथली बातमी नसते आणि अहवालही नसतो.

आशुतोष वार्ष्णेय यांचं 2002 मधलं काम म्हणूनच महत्त्वाचं. त्यांनी हिंदू-मुस्लीम दंगलींचा अभ्यास करताना शहरांच्या तीन जोड्या लावल्या: अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत. जोडीतल्या दोन्ही शहरांत मुस्लीम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं, पण एक वारंवार पेटणारं आणि दुसरं बहुतांशी शांत. (सुरतही 1992 साली पेटलं, पण त्यातही जुन्या शहरापेक्षा बाहेरच्या वस्त्यांत आग जास्त होती, आणि हा शहराच्या आतला फरक त्यांनी वापरून घेतला.) त्यांचं उत्तर: जिथे व्यापारी संघ, कामगार संघटना, पक्ष, मंडळं यांत दोन्ही समाजांची माणसं एकत्र काम करतात, तिथे अफवेला खीळ बसते. शेजारी-पाजारी गोडीनं राहणं पुरत नाही, संघटित संबंध लागतात.

आपल्याला यातलं जवळचं उदाहरण भिवंडीचं. यंत्रमागांच्या या गावात 1970 आणि 1984 मध्ये भीषण दंगली झाल्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांच्या माणसांना नियमित एकत्र बसवलं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत सुमारे 900 माणसं मेली, आणि भिवंडी शांत राहिली. नागरी संबंध सरकारी पुढाकारानंही बांधता येतात, असं यातून म्हणता येतं.

म्हणता येतं, पण तेवढ्यावर थांबता येत नाही. स्टीव्हन विल्किन्सन यांनी वार्ष्णेय यांच्याबरोबर वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून 1950 ते 1995 मधल्या दंगलींची नोंदसूची तयार केली होती. माहिती तीच, पण 2004 मधलं विल्किन्सन यांचं उत्तर वेगळं निघालं. पोलीस राज्य सरकारच्या हातात असतात, आणि ज्या सरकारला सत्तेसाठी अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असते ते दंगल लगेच आवरतं. वार्ष्णेय शहराच्या पातळीवर बघत होते, विल्किन्सन राज्याच्या. कोण बरोबर? माझं मत विचाराल तर भिवंडी आणि मुंबई यांतला फरक विल्किन्सन यांच्या उत्तरानं सुटत नाही, कारण 1992 मध्ये दोन्हींवर राज्य सरकार एकच होतं. उलट एकाच राज्यात एका सरकारच्या काळात शांतता आणि दुसऱ्याच्या काळात जाळपोळ, हे कोडं वार्ष्णेय यांच्या उत्तरानं सुटत नाही, कारण व्यापारी संघ निवडणुकीबरोबर बदलत नाहीत. कुठल्या पातळीवर तुलना केली, यावर कुठलं कारण दिसणार हे ठरतं.

पॅनेल आणि चेकनाका

आता घरचं प्रकरण घेऊ. ठाण्यात 2007 च्या महापालिका निवडणुकीत एका प्रभागातून एक नगरसेवक निवडला गेला. 2012 मध्ये एका प्रभागातून दोन, आणि 2017 मध्ये चार-चारांचं पॅनेल. पॅनेलवर सगळ्यांची तक्रार एकच: गटार तुंबलं तर चौघांपैकी फोन कुणाला करायचा? चौघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. शिवाय एवढा मोठा प्रभाग पिंजून काढणं पक्षाविना उभ्या असलेल्या माणसाला परवडत नाही, म्हणून पॅनेलमुळे अपक्ष संपले असंही म्हणतात. हे खरं की नुसती चर्चा?

पहिला मार्ग सुचतो तो 2012 आणि 2017 समोरासमोर ठेवण्याचा. शहर तेच, मतदार बहुतेक तेच, बदलला तो प्रभाग. पण 2012 मध्ये शिवसेना-भाजपची युती होती आणि 2017 मध्ये दोघं एकमेकांविरुद्ध लढले. मधल्या काळात लोकसभा आणि विधानसभा उलटीपालटी झाल्या होत्या, नोटाबंदीही नुकतीच होऊन गेली होती. अपक्षांची मतं घटली असतील तर ती पॅनेलमुळे की दोन मोठे पक्ष हिरिरीनं लढल्यामुळे, हे ठाण्याचे आकडे कितीही चाळले तरी कळणार नाही.

इथे मुंबई कामाला येते. मुंबईत तिन्ही वेळा एका प्रभागातून एकच नगरसेवक होता. युती तिथेही तुटली होती, नोटाबंदी तिथेही झाली होती, मतदानही दोन्हीकडे 21 फेब्रुवारी 2017 लाच होतं. म्हणजे बाकीचे धक्के दोन्ही शहरांना बसले आणि पॅनेलचा फक्त ठाण्याला. मग आधी ठाण्यातला बदल मोजायचा, नंतर मुंबईतला, आणि एकातून दुसरा वजा करायचा. समजा ठाण्यात अपक्षांची मतं 6 टक्क्यांनी घटली आणि मुंबईत 4 टक्क्यांनी, तर पॅनेलच्या खात्यावर फक्त 2 टक्के टाकता येतील. (हे आकडे निव्वळ उदाहरणापुरते आहेत, खरे आकडे काढायला राज्य निवडणूक आयोगाचे निकाल उपसावे लागतील.) मुंबई श्रीमंत आहे, मोठी आहे, वेगळी आहे, हा आक्षेप इथे बराचसा गळून पडतो. कारण आपण दोन शहरांची पातळी ताडून बघत नाही, त्यांच्यातला बदल ताडून बघतोय. पद्धतीचा हा भाग मला सर्वांत देखणा वाटतो: जो फरक मोजता येत नाही तो वजाबाकीत आपोआप उडून जातो.

अट मात्र एक आहे आणि ती कडक आहे. पॅनेल आलं नसतं तर ठाणं आणि मुंबई एकाच दिशेनं, एकाच गतीनं सरकली असती, हे मानावं लागतं. मुंबईत 2017 ची लढत शिवसेना आणि भाजप दोघांच्याही प्रतिष्ठेची होती. तिथे अपक्षांची कोंडी ठाण्यापेक्षा जास्त झाली असेल तर आपली वजाबाकी चुकली.

ही शंका थोडी कमी करायची तर सगळी मुंबई न घेता मुलुंड घ्यावं. चेकनाक्याच्या अलीकडे ठाण्याचं किसननगर-वागळे इस्टेट, पलीकडे मुंबईचं मुलुंड. दोन्हीकडचे लोक त्याच लोकलनं जातात, तीच वर्तमानपत्रं वाचतात, एकमेकांच्या बाजारात खरेदी करतात. मधून जाते ती फक्त दोन महापालिकांची हद्द. पण हद्द ओलांडताना केवळ पॅनेल बदलत नाही, महापालिकेचं बजेट बदलतं, मालमत्ता कर बदलतो, वॉर्ड ऑफिसची शिस्त बदलते. म्हणून नुसती हद्द पुरेशी नाही. हद्द आणि आधी-नंतर, दोन्ही एकत्र वापरायला हवं.

हद्दीचा असा वापर करणारा नावाजलेला अभ्यास आफ्रिकेतला आहे. चेवा आणि तुंबुका या दोन जमाती झांबिया आणि मलावी या दोन्ही देशांत राहतात. 1891 मध्ये प्रशासनाच्या सोयीसाठी आखलेली रेषा त्यांच्यामधून गेली. डॅनियल पोस्नर यांनी रेषेच्या दोन्ही बाजूंच्या, एकमेकांच्या जवळच्या गावांत जाऊन विचारलं: दुसऱ्या जमातीच्या उमेदवाराला मत द्याल का? तिच्याशी सोयरीक कराल का? भाषा, चालीरीती, जुना इतिहास सारखाच, पण मलावीत उत्तरं तुटक आणि झांबियात मोकळी. त्यांचं स्पष्टीकरण असं की मलावीच्या राजकारणात दोन्ही जमाती एवढ्या मोठ्या आहेत की त्यांच्या नावावर मतांची मोट बांधता येते, म्हणून त्या प्रतिस्पर्धी झाल्या. झांबियात दोन्ही लहान, म्हणून 'पूर्वेकडचे' म्हणून एकत्र राहण्यातच फायदा. जमातींमधला तंटा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, असं मानणाऱ्यांना 2004 च्या या अभ्यासानं चांगलंच अडचणीत टाकलं. आपल्याकडे जातींच्या मतांबद्दल बोलताना हा प्रश्न क्वचित विचारला जातो: त्या मतदारसंघात त्या जातीचा आकडा किती, आणि तो आकडा हद्द कुणी आखल्यामुळे झाला?

सोडत

हद्दीपेक्षाही भक्कम पुरावा आपल्याकडे दर निवडणुकीआधी तयार होतो, आणि आपण त्याकडे फक्त 'दिग्गजांना धक्का' या मथळ्यापुरतं बघतो. प्रभागांच्या आरक्षणाची सोडत. नाट्यगृहात इच्छुकांची गर्दी, शाळकरी मुलं चिठ्ठ्या काढतात, कुणाचा वर्षानुवर्षं सांभाळलेला वॉर्ड महिला राखीव होतो. संशोधकाच्या नजरेतून हा प्रयोगच आहे. औषधाच्या चाचणीत कुणाला गोळी द्यायची हे चिठ्ठीनं ठरवतात, म्हणजे गोळी मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात दुसरा पद्धतशीर फरक उरत नाही. महिला आरक्षण चिठ्ठीनं पडलं की राखीव आणि खुले प्रभाग सरासरीनं सारखेच असतात. त्यापुढे जो फरक दिसेल तो आरक्षणाचा.

रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या बाबतीत हेच केलं. 1997 मध्ये महिलांसाठी राखीव असलेले काही प्रभाग 2002 मध्ये खुले झाले. अशा प्रभागांत 2002 मध्ये महिला निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट निघाली. आरक्षण उठलं तरी बाई टिकते, म्हणजे 'नवऱ्याची डमी' हा टोमणा सगळ्यांना लागू पडत नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानमध्ये दाखवलं की महिला सरपंच असलेल्या ग्रामपंचायतींत पिण्याच्या पाण्याच्या कामांवर जास्त भर दिला जातो. एक सावधगिरी: अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणावरून ठरतात, चिठ्ठीनं नाही. तिथे हा तर्क लावला की घोटाळा झालाच.

चिठ्ठीनं सगळं ठरत नाही, हे तर उघडच आहे. सिडको चिठ्ठी टाकून आली नव्हती. तिथे माणसांना विचारावं लागतं आणि कागद वाचावे लागतात.

विचारण्यातही खाच आहे. गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये छापलेल्या अभ्यासात चीन आणि मेक्सिकोच्या लोकांना विचारलं होतं, सरकारच्या कारभारात तुमचं किती चालतं? चिनी लोकांनी स्वतःला जास्त गुण दिले. मेक्सिकोत तर 2000 साली मतदारांनी कित्येक दशकांचं सरकार घालवलं होतं! मग किंग आणि सहकाऱ्यांनी सगळ्यांना काही काल्पनिक माणसांच्या गोष्टी सांगितल्या. एकाला स्वच्छ पाणी मिळत नाही, त्याला मताचा हक्क नाही, तो गप्प सोसतो. दुसरीलाही पाणी नाही, पण ती आणि शेजारी मिळून विरोधी उमेदवाराला निवडून आणायच्या बेतात आहेत. यांचं किती चालतं ते सांगा. बऱ्याच चिनी उत्तरदात्यांनी त्या गप्प सोसणाऱ्याला स्वतःपेक्षा वरचे गुण दिले. त्या मापानं दुरुस्ती केल्यावर क्रम उलटला. नवी मुंबईतल्या नेरूळच्या सोसायटीत आणि ठाण्यातल्या मुंब्र्याच्या चाळीत 'पाणी कसं येतं?' याला 'बरं येतं' हेच उत्तर मिळालं तर दोन्ही ठिकाणी नळ सारखाच वाहतो असं समजू नये.

कागदांचं म्हणाल तर तिथे एरिया स्टडीज, म्हणजे क्षेत्र अभ्यास, कामाला येतो. एका प्रदेशाची भाषा, इतिहास, माणसं यांत वर्षानुवर्षं मुरून केलेला अभ्यास. सोव्हिएत रशियानं 1957 मध्ये स्पुटनिक सोडला तेव्हा अमेरिकेनं दचकून 1958 च्या कायद्यानं परदेशी भाषा आणि प्रदेशांच्या अभ्यासाला पैसा दिला. हेतू शीतयुद्धाचा, पण त्या काळात अमेरिकेतून इकडे येऊन महाराष्ट्रात मुरलेल्या एलिनॉर झेलिएट आणि गेल ऑम्व्हेट यांनी आंबेडकरी आणि ब्राह्मणेतर चळवळींवर केलेलं काम आपल्यालाही वाचावं लागतं. मुंबई विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाचं केंद्र 1971 पासून आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेत आकडेवाले आणि प्रदेशवाले यांच्यात मोठं भांडण जुंपलं. आकडेवाले म्हणत, तुम्ही एकाच गावाच्या गोष्टी सांगता. प्रदेशवाले म्हणत, तुमच्या तक्त्यात काय भरलंय ते तुम्हालाच ठाऊक नाही.

मी प्रदेशवाल्यांचा थोडा पक्षपाती आहे, आणि कारण इथलंच आहे. 2021 च्या जूनमध्ये नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून हजारो आगरी-कोळी, भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, सिडको भवनाला घेराव घातला. पक्षनिहाय मतांचा कुठलाही तक्ता हे सांगू शकला नसता. त्यासाठी 16 आणि 17 जानेवारी 1984 ठाऊक असावं लागतं: जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बां.च्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात झालेलं आंदोलन, पोलिसांचा गोळीबार, पाच शेतकऱ्यांचा मृत्यू. तिथल्या जासई गावात त्या शेतकऱ्यांना दरवर्षी होणारं अभिवादन ठाऊक असावं लागतं.

पण प्रदेश ठाऊक असणाऱ्यानंही पुरावा द्यायला हवा. 'त्या आंदोलनामुळे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली' हे नवी मुंबईत प्रत्येक जण सांगेल. तपासायचं कसं? प्रक्रियेचा माग काढायचा. आंदोलन हेच कारण असेल तर 1984 च्या आधीच्या सरकारी टिपणांत असा परतावा देण्याचा विचार नसायला हवा किंवा फेटाळलेला असायला हवा. नंतरच्या बैठकांच्या नोंदींत आंदोलकांच्या मागण्यांचा उल्लेख यायला हवा. आधीपासूनच तसा मसुदा तयार होता असं निघालं तर गोष्ट वेगळी होते. यातला एखादा कागद दहा मुलाखतींपेक्षा वजनदार ठरू शकतो.

हे कागद बहुतेक मराठीत आहेत. महासभेची इतिवृत्तं, स्थायी समितीचे ठराव, प्रभाग रचनेवरच्या हरकती आणि सूचना, शासन निर्णय. माहिती अधिकारात मागता येतात, वाचायला दुभाषी लागत नाही. पॅनेलच्या प्रश्नासाठी मी पहिल्यांदा ठाण्याची 2012 ते 2022 ची इतिवृत्तं मागवीन आणि मोजीन: सभागृहात आपल्या प्रभागातल्या गटाराबद्दल बोलायला दोनांपैकी किती जण उठत होते, आणि चारांपैकी किती.